तिथे ताई होती

माझी ताई माझ्याहून अकरा वर्षांनी मोठी होती. आई लवकर गेली, वडील दिवसभर कामावर, त्यामुळे माझं नाक पुसण्यापासून पाढे म्हणून घेण्यापर्यंत सगळं तिनेच केलं. मी पन्नाशीला टेकलो, डोक्यावरचे निम्मे केस गेले, तरी ती मला चारचौघांत "छोट्या" म्हणून हाक मारायची आणि मी निमूटपणे "ओ" द्यायचो.

ती सरकारी इस्पितळाच्या धुलाई विभागात होती. तळघरात धुण्याची तीन अगडबंब यंत्रं, एक वाळवण्याचं, आणि दोघींनी दोन टोकांना उभं राहावं एवढा लांब इस्त्रीचा रूळ. वरच्या वॉर्डांतून चादरी, अभ्रे, ऑपरेशनचे हिरवे कपडे ढकलगाड्यांवरून खाली यायचे. रक्ताचे वेगळे, औषधाच्या डागांचे वेगळे, नुसते मळलेले वेगळे, ही निवड ताई करायची. चादरीवरचे डाग बघून ती सांगायची, हा पेशंट सुधारतोय, ह्याचं काही खरं नाही. "डॉक्टरांच्या आधी मला कळतं," असं म्हणून हसायची. तिने घातलेली घडी मोजपट्टी लावून बघावी. घरीसुद्धा माझा शर्ट खुर्चीवर पडलेला दिसला की बोलता बोलता तिच्या हातांनी त्याची घडी घालून झालेली असायची, तिला स्वतःला पत्ताही नसायचा.

भावोजी त्याच इस्पितळात बॉयलरवर होते. त्यांनी तयार केलेली वाफ पाइपातून ताईच्या यंत्रांना जायची. "दिवसभर मी हिला ऊब पुरवतो आणि संध्याकाळी ही माझ्यावरच तापते," हा त्यांचा ठरलेला विनोद. लग्नाला वीस वर्षं होऊन गेली तरी ते तो करायचे आणि ताई प्रत्येक वेळी तोंड वाकडं करून आत निघून जायची.

तो पाइप जुना झाला होता. जोडातून वाफ गळते असं भावोजींनी तीन वेळा लेखी कळवलं होतं. एका मंगळवारी सकाळी तो जोड फुटला आणि भावोजी गळ्यापासून खाली भाजले. सहा दिवस ते भाजलेल्यांच्या वॉर्डात होते. सातव्या दिवशी सकाळी गेले. हे सहाही दिवस ताई त्यांच्या खाटेशेजारी एका लोखंडी स्टुलावर बसून होती. त्यांची मुलगी, माझी भाची, तेव्हा परगावी शिकत होती. तिची परीक्षा चालू होती म्हणून भावोजींनीच "पोरीला कळवू नका" असं बजावलं होतं. ती पोचली तेव्हा सगळं आटोपलं होतं.

वकीलबाई आमच्याकडे आल्या त्या यानंतर. तेव्हा त्या खरोखरच वकील होत्या. खांद्याला फायलींनी फुगलेली पिशवी, पायांत झिजलेल्या चपला. आपण होऊन आल्या, कपाळावर आठी न आणता दीड वर्ष कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या. भावोजींची ती तीन पत्रं शोधून काढली, चौकशी लावली, आणि शेवटी तो बॉयलर आणि सगळे पाइप बदलून घेतले. हे मला आधी सांगून टाकायला हवं, कारण पुढचं ऐकल्यावर कुणाला वाटेल की बाई पहिल्यापासूनच ढोंगी होत्या. तशा नव्हत्या. तशा असत्या तर मी त्यांच्यामागे गेलोच नसतो.

मी शाळेत भाषा शिकवायचो. त्यांच्या मोर्च्यांची पत्रकं लिहून द्यायला लागलो. माझ्या हाताला वळण होतं. पुढे त्या पक्षात शिरल्या. गोरगरिबांच्या बाजूचा, नव्या विचारांचा म्हणून नावाजलेला पक्ष. निवडणुकीला उभ्या राहिल्या, तेव्हा मी शाळा सोडून त्यांची भाषणं लिहायला लागलो. पक्षात सगळे त्यांना ताई म्हणायचे. "मॅडम-बिडम नको, मी तुमची ताई," असं त्या पहिल्याच भेटीत प्रत्येकाला सांगायच्या. मला ते जमलं नाही. माझी ताई एकच होती. मी शेवटपर्यंत वकीलबाईच म्हणत राहिलो.

पक्षाच्या कचेरीत दुसऱ्या मजल्यावर आमची खोली होती. एक लांब टेबल, त्याभोवती आठ खुर्च्या, भिंतीवर मोठ्या अक्षरांत ‘माणूस आधी’. तिथे रोज सकाळी आम्ही बसायचो. प्रसिद्धीप्रमुख म्हणून एक गृहस्थ होते. पूर्वी साबणाच्या जाहिराती करायचे. ते म्हणायचे, "आकडे नकोत. आकड्यांनी कुणाचे डोळे ओले होत नाहीत. मला एक माणूस द्या. एक चेहरा, एक प्रसंग." मग आम्ही माणसं शोधायचो. कुणाचा पाय गेलेला, कुणाचं घर पाडलेलं, कुणाची पोर औषधावाचून गेलेली. एकेकाची गोष्ट टेबलावर यायची, आणि आम्ही ती भाजी निवडावी तशी निवडायचो. देठं काढायची, किडकं काढायचं, पानं ठेवायची. त्यात मी तरबेज झालो होतो.

भावोजी जाऊन चार वर्षं झाली होती. एका रविवारी दुपारी मी ताईकडे गेलो होतो. ती धुतलेल्या कपड्यांचा ढीग पुढ्यात घेऊन बसली होती. घड्या घालता घालता मान वर न करता म्हणाली, "छोट्या, एक सांगू? कुणाला बोलले नाहीये आजवर."

"सांग की."

"सहाव्या दिवशी ह्यांनी माझ्याकडे पाणी मागितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ऑपरेशन होतं ना. डॉक्टर सांगून गेले होते, तोंडाने काही द्यायचं नाही, थेंबसुद्धा नाही. ह्यांना ते ध्यानात राहीना. सारखं पाणी, पाणी. मी म्हटलं, उद्या ऑपरेशन झालं की घटाघटा प्या, कोण नको म्हणतंय. विनवण्या करायला लागले रे. ज्या माणसाने आयुष्यात कधी माझ्याकडे काही मागितलं नाही, तो." तिने एक उशीचा अभ्रा घडी घालून बाजूला ठेवला. "त्या सिस्टर आल्या, जाडजूड होत्या बघ, गोड बोलायच्या. त्यांनी कापूस भिजवून ओठांना लावला. एवढंच चालतं म्हणाल्या. नंतर ह्यांनी भिंतीकडे तोंड केलं. माझ्याकडे बघितलंच नाही. आणि सकाळी ऑपरेशनच्या आधीच..."

तिने ढिगातून पुढचा कपडा ओढला.

"जायचंच होतं तर पाणी पिऊन गेले असते. मी बसले होते, तांब्या हाताशी होता. एक घोट दिला असता तर काय बिघडलं असतं? सांग ना."

"तू बरोबरच केलंस ताई," मी म्हणालो.

पण खरं सांगतो. माझे डोळे भरून आले होते आणि नेमक्या त्याच क्षणी डोक्यात एक वाक्य तयार होत होतं. मला ते थांबवता आलं नाही. थांबवायचा प्रयत्न केला असंही म्हणवत नाही.

आठ दिवसांनी मोठं मैदान भरलं होतं. मी भाषणात लिहिलं होतं, ‘त्या कामगाराने शेवटी घोटभर पाणी मागितलं, आणि तेही त्याला मिळालं नाही.’ एवढंच. खोटं त्यात काही नव्हतं, अशी मी माझी समजूत घातली होती. कचेरीत ते वाचल्यावर प्रसिद्धीप्रमुख म्हणाले, "मिळालं नाही म्हणजे का मिळालं नाही? ऐकणाऱ्याला राग कुणावर काढायचा ते कळायला हवं." आणि त्यांनी पुढे एक वाक्य जोडलं. माझ्याकडे बघितलं. मी मान डोलावली.

वकीलबाई व्यासपीठावर उभ्या राहिल्या आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, "सहा दिवस, मित्रांनो. सहा दिवस तो माणूस पाणी मागत होता. आणि एवढ्या मोठ्या सरकारी इस्पितळात त्याच्या जवळ, त्याला घोटभर पाणी द्यायला, एक माणूस नव्हता!" मैदान चिडीचूप झालं. मग टाळ्या सुरू झाल्या त्या थांबेनात. बाईंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ते खरं पाणी होतं. बोलताना त्यांचा स्वतःचा त्यावर पूर्ण विश्वास बसलेला असायचा. त्यांच्यावर रागावणं त्यामुळेच मला कधी नीट जमलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून ‘घोटभर पाणी’ ही आमची घोषणा झाली. भिंतीभिंतीवर एक सुकलेला हात आणि त्याच्यापासून चार बोटं लांब एक पेला.

ताईने ते भाषण तळघरातल्या रेडिओवर ऐकलं, इतर बायकांच्या सोबत, रुळाजवळ उभं राहून. संध्याकाळी ती माझ्या घरी आली. आत ये म्हटलं तर आली नाही. दारातच उभी राहिली, हातात कामावरची पिशवी.

"मी होते ना रे तिथे," ती म्हणाली. "सहा दिवस होते. आंघोळीलासुद्धा घरी गेले नाही."

"ताई, ते तुझ्याबद्दल नाहीये गं. ते सगळ्याच गोरगरिबांबद्दल आहे."

"मग सगळ्यांचं सांगायचं. माझं कशाला घेतलंस?"

"ह्याने लोक जागे होतील. उद्या आमचं सरकार आलं तर इस्पितळं सुधारतील. चांगल्यासाठीच चाललंय ना हे?"

"चांगल्यासाठी खोटं लागतं होय?" तिच्या आवाजात राग नव्हता. शाळेत असताना माझ्या गणिताची चूक दाखवायची त्याच आवाजात विचारलं तिने. उत्तरासाठी ती थांबली नाही.

गोष्ट तिथेच संपली असती तरी बरं होतं. बातमीदारांनी वॉर्ड शोधून काढला, त्या महिन्यातल्या पाळ्या शोधून काढल्या. ‘त्या दिवशी कर्तव्यावर कोण होतं?’ असे मथळे आले. ओठांना कापूस लावणाऱ्या त्या सिस्टरला कारणे दाखवा नोटीस मिळाली आणि तिची बदली औषधांच्या कोठारात झाली. ताई इस्पितळाच्या अधीक्षकांना भेटली. मीच त्यांची बायको, मी तिथे होते, ह्या सिस्टरनी उलट आमचं केलं, असं सांगितलं. ते म्हणाले, "बाई, आता हा विषय वर गेलाय. तुम्ही ह्यात पडू नका." मग ती त्या सिस्टरच्या घरी गेली. सिस्टर दार अर्धं उघडून म्हणाली, "तेव्हाच्या तेव्हा बोलायचं होतंत. तुमचा भाऊच लिहितो ना म्हणे?" हे मला ताईने नाही सांगितलं. बऱ्याच वर्षांनी भाचीकडून कळलं.

निवडणूक आम्ही जिंकली. वकीलबाई आरोग्यमंत्री झाल्या. सुरुवातीला त्यांनी चांगली कामं केली, नाही म्हणणार नाही. बाळंतिणींची सोय केली, रक्ताच्या तपासण्या सगळ्यांना खुल्या केल्या. पण पुढे पुढे कामापेक्षा कामाची घोषणा आधी व्हायला लागली, आणि घोषणा झाली की काम झाल्यासारखंच वाटायचं. आम्हालाही वाटायचं. सकाळच्या बैठकीत ‘काय केलं’ असं कुणी विचारेनासं झालं. ‘काय म्हणायचं’ एवढंच विचारायचे.

तिसऱ्या वर्षी इस्पितळांची धुलाई बाहेरच्या कंपनीकडे द्यायचं ठरलं. तळघरातली यंत्रं जुनी झाली होती, नवी घ्यायची तर बाकीच्या योजना मागे पडणार होत्या. वकीलबाई मला म्हणाल्या, "ह्यात बायकांचं काम जातंय असं दिसता कामा नये. वर्षानुवर्षं त्यांनी दुसऱ्यांची घाण उपसली. आपण त्यांना ह्यातून सोडवतोय. असं मांडा."

तिथे काम करणाऱ्या एकतीस बायकांत माझी बहीण आहे हे त्यांना माहीत होतं. मलाही माहीत होतं. मी मांडलं.

आठवडाभराने ताईचा फोन आला. "सूचनाफलकावर कागद लागलाय," ती म्हणाली. मग तिने तो वाचून दाखवला, अडखळत, चष्म्याशिवाय वाचावं तसं: "‘पिढ्यानपिढ्या राबलेल्या हातांना मुक्ती.’ हे तुझंच ना रे?"

"कशावरून?"

"तुला मी लिहायला शिकवलंय, छोट्या."

बायकांना कामावरून काढलं नाही, असं आम्ही अभिमानाने सांगत होतो, आणि ते खरं होतं. त्यांना ‘रुग्णस्नेही’ असं नवं पद दिलं. हाही शब्द माझाच. इस्पितळाच्या दारात टेबलं मांडली, प्रत्येकीला एक खुर्ची आणि गळ्यात पट्टा. आलेल्या माणसाला हसून विचारायचं, आपल्याला कुठे जायचं आहे. ताई बसली होती ते टेबल ‘घोटभर पाणी’च्या चित्राखालीच होतं. मी एकदा मुद्दाम बघायला गेलो. ती पाठ ताठ ठेवून बसली होती. समोर इस्पितळाच्या माहितीपत्रकांचा गठ्ठा होता आणि ती एकेक पत्रक उघडून पुन्हा घडी घालत होती, काठाला काठ जुळवून.

"कसं वाटतंय?" मी विचारलं.

"बसून आहे," ती म्हणाली. "खाली होते तेव्हा कुणाच्या तरी उपयोगाची होते. इथे लोक मला विचारतात, बाई, इथे चादरी ओल्या का देतात? मी काय सांगू? हसून सांगायचं असतं म्हणे."

त्यानंतर ती मला काही सांगेनाशी झाली. भांडण नाही, अबोला नाही. मी गेलो की चहा करायची, घरचं विचारायची, जेवून जा म्हणायची. पण मी विचारलं, तू कशी आहेस, तर "बरं आहे". कामावर काय? "बरं आहे." झोप लागते का? "न लागायला काय झालं?" एकदा मी न राहवून म्हणालो, "ताई, तू पूर्वीसारखी बोलत नाहीस." ती हसून म्हणाली, "नको रे बाबा. आज तुझ्याशी बोलायचं आणि उद्या मैदानात ऐकायचं!" मीही हसलो. दुसरं काय करणार? पण त्यानंतर तिने तेवढी थट्टाही केली नाही.

दोन वर्षांनी भाचीचा फोन आला. शिक्षण संपवून ती त्याच शहरात दुसऱ्या एका इस्पितळात लागली होती, भूल देणाऱ्या डॉक्टरांच्या हाताखाली. म्हणाली, "मामा, आईला भरती केलंय. पोटात गाठ आहे. सात महिन्यांपूर्वीच कळलंय."

"सात महिने? आणि मला कुणी सांगितलं नाही?"

"आईने शपथ घातली होती," ती म्हणाली. "तुला सोडून कुणालाही सांग म्हणाली."

मी गेलो. ताई अगदी एवढीशी झाली होती. अंगाखालची चादर कंपनीकडून आलेली, पातळ, करडी, उशाशी एक जुना तपकिरी डाग. ती अंगठ्याने तो डाग चोळत होती. मला बघून म्हणाली, "हा निघतो, माहितीये? आधी गार पाण्यात भिजवायला लागतं. हे लोक थेट उकळत्यात टाकतात, मग डाग शिजून बसतो." मग थोड्या वेळाने, माझ्याकडे न बघता: "छोट्या, ह्यातलं काही लिहू नकोस हं."

"नाही लिहीत."

आज हे सांगतोय म्हणजे तो शब्दही मी मोडतोच आहे. पण लोकांच्या तोंडी जे आहे त्यापेक्षा हे खरं आहे, एवढंच माझ्याकडे सांगण्यासारखं आहे.

मी रजा घेतली, तेव्हा कारण द्यावं लागलं. वकीलबाई उठूनच उभ्या राहिल्या. "मी भेटायला येते," म्हणाल्या. मी म्हटलं, कॅमेरा नको, माणसं नकोत. त्या खरंच एकट्या आल्या. गाडी लांब उभी करून चालत. ताईच्या खाटेशेजारी बसल्या, तिचा हात हातात घेतला.

ताई म्हणाली, "तुम्ही आमच्यासाठी केस लढलात. ते मी विसरले नाही. कधी विसरणारही नाही."

"अहो, त्यात काय..."

"एकच करा. ह्यांची गोष्ट पुन्हा कधी सांगाल तेव्हा सांगा, बायको जवळ होती. एवढं सांगितलंत तरी पुष्कळ झालं."

वकीलबाईंचे डोळे भरून आले. "शब्द देते," त्या म्हणाल्या. अर्धा तास त्या तशाच बसून होत्या. जाताना दारात माझ्या खांद्यावर हात ठेवला. त्या दिवशी मला वाटलं, जुन्या वकीलबाई परत आल्या.

त्यानंतर एकोणीस दिवसांनी ताई गेली. मी आणि भाची दोघंही जवळ होतो.

महिनाभराने मी आणि भाची ताईची खोली आवरत होतो. कपाटात सगळं इतकं नीट लावलेलं होतं की आवरण्यासारखं काही नव्हतंच. आम्ही नुसतेच वस्तू काढून परत ठेवत होतो. टीव्ही चालू होता. वकीलबाई कुठल्याशा नव्या इमारतीचं उद्घाटन करत होत्या. आवाज ओळखीच्या पद्धतीने खाली आला आणि आम्ही दोघंही थांबलो.

"त्याच्याजवळ त्याची बायको होती," वकीलबाई म्हणाल्या. "सहा दिवस, मित्रांनो. हातात पाण्याचं भांडं घेऊन. आणि ह्या निर्दय व्यवस्थेने ते भांडं तिच्या हातातून हिसकावून घेतलं! ती माझी बहीण गेल्या महिन्यात गेली. जाताना तिने माझा हात घट्ट धरला आणि म्हणाली, ताई, तुम्ही लढत राहा."

टाळ्या झाल्या. बाईंनी डोळे पुसले.

ते भाषण मी लिहिलं नव्हतं. रजेवरून मी परत गेलोच नव्हतो. माझ्या जागी कुणीतरी आलं होतं आणि त्याचं काम चोख होतं. कुठे थांबायचं, कुठे ‘मित्रांनो’ म्हणायचं, सगळं मीच पाडलेल्या रस्त्याने. आणि बाईंनी शब्द पाळला होता. बायको जवळ होती, हे त्यांनी सांगितलं होतं.

भाचीने टीव्ही बंद केला. "आई त्यांना ताई म्हणाली?"

"नाही."

"लढत राहा म्हणाली?"

"नाही."

"मग बाबांचं खरं काय झालं, मामा? मी इतकी वर्षं पोस्टरवरच वाचतेय. कुणी म्हणतं जवळ कोणी नव्हतं, आता ह्या म्हणतात भांडं हिसकावलं. आईला विचारलं की ती उठून आत जायची."

मी तिला सांगितलं. दुसऱ्या दिवशीचं ऑपरेशन, डॉक्टरांची ताकीद, भावोजींच्या विनवण्या, सिस्टरचा कापूस, भिंतीकडे फिरवलेलं तोंड. ताईने मला जसं सांगितलं होतं तसंच, एकही शब्द वर-खाली न करता. ताईने विचारलेला प्रश्नही सांगितला. एक घोट दिला असता तर काय बिघडलं असतं?

भाचीने हातातली साडी कपाटात ठेवली. मग म्हणाली, "हे तर माझं रोजचं काम आहे. रोज मी दहा नातेवाइकांना हेच समजावते. भूल देताना पोटात पाणी असेल तर ते उलटून श्वासनलिकेत जातं, माणूस टेबलावर जातो. दुसऱ्या दिवशी ऑपरेशन होणार होतं, म्हणजे बाबांना वाचवायचे प्रयत्न चालू होते. तिने पाणी दिलं नाही म्हणजे ती त्यांना वाचवतच होती. दुसरं काही करण्यासारखं नव्हतंच तिच्या हातात." तिचा आवाज फाटला. "एवढी वर्षं एका घरात राहिलो आम्ही. मला विचारायचं होतं ना तिने! पाच मिनिटांचं काम होतं, मामा. मी पाच मिनिटांत तिच्या डोक्यावरचं ओझं उतरवलं असतं."

"तुला विचारलं असतं तिने," मी म्हणालो. "पण एकदा कुणाला सांगितलं आणि ते मैदानात गेलं. त्यानंतर तिची हिंमत झाली नाही. माझ्यामुळे."

मला वाटलं, ती नाही म्हणेल. माणसं म्हणतात तसं, जाऊ दे मामा, असं काही म्हणेल. ती म्हणाली नाही. ती ताईच्या पलंगावर बसून रडत राहिली, आणि मी कपाटाचं दार हातात धरून उभा राहिलो.

आता मी पुन्हा शाळेत शिकवतो. मुलांना निबंध सांगत नाही, व्याकरण तेवढं घेतो. भाची महिन्या-दोन महिन्यांनी येते. मी चहा करतो, ती इकडचं तिकडचं बोलते. परवा ती जरा उतरलेली वाटली. मी विचारलं, "कशी आहेस गं?"

"बरं आहे," ती म्हणाली.

मी पुढे काही विचारलं नाही.